खिशात पैसे नसताना दारू सोडायची तर: एए मीटिंग आणि तुळशीची माळ, आमच्या घरचा अनुभव

हा रिव्ह्यू अशा घरांसाठी लिहितेय जिथे दारूपायी होतं नव्हतं ते आधीच गेलंय आणि आता दारू सोडवायला पण पैसे लागतात म्हटल्यावर सगळे हात टेकून बसलेत. व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात रूम कशी आहे, जेवण कसं आहे, बाग आहे का हेच जास्त असतं, आणि ते ज्यांना परवडतं त्यांच्या कामाचं. आमचा दादा रिक्षा चालवतो, रिक्षाचे हप्ते थकलेले, वहिनीचं मंगळसूत्र गहाण, वहिनी लोकांच्या घरी पोळ्या लाटून पोरांच्या फिया भरायची. एका खासगी केंद्रात चौकशी केली तर महिन्याचा जो आकडा सांगितला त्यात आमचं घर कितीतरी दिवस चाललं असतं. मग फुकट काय काय आहे ते शोधायला लागलो आणि शेवटी ज्या गोष्टींनी दादाला धरून ठेवलं त्या दोन्ही फुकटच्या निघाल्या आणि दोन्ही देवाचं नाव घेणाऱ्या. एक अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकत्र बसून एकमेकांना सांभाळायची मंडळी, आणि दुसरी आमच्या आबांची वारकरी माळ. दोन्हीबद्दल सविस्तर लिहिते.

पण त्याच्या आधी दवाखाना. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहितेय कारण श्रद्धेच्या जोरावर दारू सोडायची म्हणून लोक एका दिवसात बाटली बंद करतात आणि घरात कोंडून बसतात, आणि रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने असं अचानक बंद केलं तर जीव जाऊ शकतो, खरंच जाऊ शकतो. आधी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. बाधा वगैरे काही नसते, दारू अचानक तुटल्यामुळे मेंदूचं बिघडलेलं असतं आणि त्यावर औषध आहे. सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जा, केसपेपर काढा, रोज किती पितो आणि शेवटची कधी प्यायला ते खरं सांगा. तिथे गोळ्यांवर हळूहळू उतरवतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात, खर्च नाममात्र. दादाला वॉर्डात ठेवलं होतं, रांग होती, गर्दी होती, कॉटसाठी थांबावं लागलं, पण शरीरातून दारू सुखरूप उतरली ती तिथेच. कुठली मीटिंग आणि कुठला हरिपाठ हे काम करू शकत नाही आणि एएवाले स्वतः तसा दावा करतही नाहीत.

आता मीटिंग. एए सुरू झालं १९३५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रन शहरात, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत बसलं की त्या दिवशी प्यायची इच्छा मागे सरते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. भारतात १९५७ पासून आहे. मुंबई पुण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत मीटिंगा भरतात, बहुतेक ठिकाणी शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल. दादाचा ग्रुप कुठला ते मी लिहिणार नाही, कारण तिथे कोण येतं आणि काय बोलतं ते बाहेर न्यायचं नाही हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा शब्द आहे आणि तो मला पटतो. मी स्वतः गेले ती ओपन मीटिंग, ती घरच्यांना आणि बाहेरच्यांना खुली असते. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तोच बसतो.

मीटिंग म्हणजे काय तर लाकडी बाक, समोर एक टेबल, चहा, सुरुवातीला सगळे मिनिटभर शांत बसतात, मग एकेक जण उठून नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. फक्त नाव, आडनाव नाही. मध्ये कोणी बोलत नाही, कोणी सल्ला देत नाही, कोणी असं कसं केलंस म्हणून विचारत नाही. मी गेले त्या दिवशी एक वयस्कर काका, नोकरीतून कधीच रिटायर झालेले, ते शांतपणे सांगत होते की पोरीच्या लग्नात ते मांडवात नव्हते, गुत्त्यावर होते, आणि आता नात शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे धावत येते. त्यांच्या शेजारी बसलेला पोरगा जेमतेम पंचविशीचा, मान खाली घालून ऐकत होता. दादाला आम्ही वर्षानुवर्षं जे ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, शपथा घालून सांगितलं ते त्याच्या कानावरून गेलं होतं, पण स्वतःसारखाच दुसरा माणूस बोलायला लागला तेव्हा तो सरळ होऊन बसला. हे मी डोळ्यांनी बघितलं.

आमच्या आबांना पहिली शंका होती की हे ख्रिस्ती लोकांचं आहे का, चर्चच्या हॉलमध्ये भरतंय, प्रार्थना म्हणतात, उद्या पोराला बाटवतील. ही शंका आणखी पुष्कळ घरांत असते म्हणून नीट लिहिते. मूळ तिकडचंच आहे हे खरं, सुरुवातीचे लोक ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये जायचे आणि दारू सोडण्यासाठी एएने ज्या बारा पायऱ्या आखल्यात त्यांत देवाचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते त्यातूनच. पण त्या पायऱ्या लिहितानाच त्यांनी देव म्हणजे ज्याला जसा कळला तसा अशी मोकळीक ठेवली. पहिली पायरी म्हणजे दारूपुढे माझं काही चालत नाही हे कबूल करणं, दुसरी म्हणजे माझ्यापेक्षा मोठी अशी एखादी शक्ती मला यातून बाहेर काढू शकते यावर विश्वास ठेवणं. ती शक्ती कोणती ते ज्याचं त्याने ठरवायचं. दादाच्या ग्रुपात कोणी खंडोबाचं नाव घेतो, कोणी अल्लाचं, कोणी बाबासाहेबांचा फोटो खिशात ठेवतो, आणि एक मास्तर आहेत जे देव मानतच नाहीत, ते म्हणतात माझी मोठी शक्ती म्हणजे ही समोर बसलेली माणसं. कोणी कोणाला दुरुस्त करत नाही. आबा एकदा ओपन मीटिंगला येऊन मागे बसले, शेवटची प्रार्थना ऐकली, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे आणि जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य दे अशा अर्थाची, आणि बाहेर येऊन म्हणाले हे तर आपले संतही सांगतात. त्यानंतर मीटिंगची वेळ झाली की आबाच दादाला उठवायला लागले.

फुकट म्हणजे खरंच फुकट का, हे सगळे विचारतात. हो. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, जात धर्म पत्ता काही विचारत नाहीत. मेंबर व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे, आणि ती आहे का नाही तेही तुम्हीच सांगायचं. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते, त्यात मेंबर लोक आपापल्या परीने टाकतात, त्यातून हॉलचं भाडं आणि चहा निघतो, खिशात काही नसेल तर पिशवी पुढे द्यायची, कोणी बघत पण नाही. बाहेरच्या माणसाकडून देणगी घ्यायची नाही हा त्यांचा नियमच आहे. माझ्या ओळखीच्या एका ताईंना नवरा सुधारला म्हणून आनंदाने मोठी रक्कम द्यायची होती तर हात जोडून नाही म्हणाले. आपल्याकडे फुकट म्हटलं की मागून काहीतरी निघतं, पावती फाडा, अमुक पूजा करा, तमुक पुस्तक घ्या, पुढाऱ्याचा फोटो लावा. इथे मागून काहीच निघालं नाही आणि मला वाटतं आबांचा खरा विश्वास बसला तो या गोष्टीवर.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते मीटिंग संपल्यानंतरचं. प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस धरतो, त्याला स्पॉन्सर म्हणतात. दादाचे स्पॉन्सर एका कंपनीत शिफ्टला असतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की प्यावंसं वाटलं तर पिण्याआधी फोन कर, प्यायल्यावर करून उपयोग नाही. दादाने रात्री अपरात्री फोन केलेत आणि त्यांनी उचललेत. एकदा दादा स्टँडवर कोणाशी तरी भांडून तडक गुत्त्याच्या दिशेने निघाला होता, फोनवर बोलता बोलता त्या माणसाने त्याला एका चहाच्या टपरीवर थांबवून ठेवलं आणि स्वतः बाइकवर तिथे आला. सख्खे नातेवाईक फोन उचलायचे बंद झाले होते त्या काळात. कुठल्याही पैशाच्या केंद्रात डिस्चार्जनंतर हे मिळेल का मला शंका आहे. आणि हे ते उपकार म्हणून करत नाहीत, दुसऱ्याला मदत केली तरच आपली दारू सुटलेली राहते असं ते मानतात, बारावी पायरी तीच आहे.

आठवी नववी पायरी म्हणजे आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची आणि भरपाई करायची, फक्त त्यातून समोरच्याला आणखी इजा होणार असेल तर तिथे थांबायचं. दादाने किराणावाल्याचं जुनं उधार थोडं थोडं करून फेडलं, वहिनीच्या भावाची घरी जाऊन माफी मागितली, ज्याच्याशी मारामारी झाली होती. मंगळसूत्र अजून पूर्ण सुटलं नाही, पण त्याचं व्याज दादा स्वतः भरतो, वहिनीला भरू देत नाही. कागदावर या पायऱ्या वाचल्या तर प्रवचन वाटतं, घरात घडताना बघितलं की अंगावर काटा येतो.

मधे दादा घसरला पण. तिथे त्याला स्लिप म्हणतात. आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं, आबा जेवले नाहीत. पण तो परत मीटिंगला गेला तेव्हा कोणी शब्दाने टोचलं नाही, या बसा म्हणाले, चहा दिला, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लावलं. त्यांचं सगळं आजच्या दिवसावर चालतं, आज पहिला घोट घ्यायचा नाही, उद्याचं उद्या. आयुष्यभर पिणार नाही अशी शपथ दादाने आमच्यासमोर किती वेळा घेतली असेल, ती कधी टिकली नाही, आजच्यापुरतं मात्र त्याला जमतं.

हे सगळं भावनेच्या भरात लिहितेय असं वाटू नये म्हणून एक सांगते, २०२० मध्ये उपचारांवरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने एएवरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, साडेदहा हजारांवर माणसं होती त्यात, आणि दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत नीट आखलेली एए-बारा पायऱ्यांची पद्धत ही इतर नावाजलेल्या समुपदेशनाच्या पद्धतींपेक्षा सरस निघाली, शिवाय उपचारांवरचा खर्चही वाचतो असं दिसलं. म्हणजे फुकट आहे म्हणून कमअस्सल असेल असं अजिबात समजू नका.

घरच्यांसाठी वेगळं अल-अ‍ॅनॉन असतं, १९५१ पासूनचं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तेही फुकट. वहिनी आधी जायला तयार नव्हती, पितात ते आणि मीटिंगला मी का जाऊ म्हणायची, बरोबरच होतं तिचं. पण गेली आणि तिथे तिच्यासारख्याच बायका भेटल्या, बाटल्या शोधणाऱ्या, खिसे तपासणाऱ्या, नवऱ्याच्या साहेबांना खोटं सांगून सुट्ट्या टाकणाऱ्या. त्याची दारू मी लावली नाही, मी थांबवू शकत नाही, हे तिला तिथे पटलं आणि मग ती रात्री झोपायला लागली. दादा सुधारायच्या आधी वहिनी सावरली. तुमचा माणूस मीटिंगला जायला अजिबात तयार नसेल तर तुम्ही तुमच्या मीटिंगला जा, त्याची वाट बघू नका. ज्यांच्या घरात गांजा, एमडी, ब्राउन शुगर असलं काही आहे त्यांच्यासाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस आहे, पद्धत तीच.

आता माळ. आबा माळकरी, दरवर्षी आषाढीला दिंडीत चालणारे, गावाकडच्या आमच्या भागात दारू सोडायची म्हणजे माळ घालायची हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. महाराजांकडे जायचं, ज्ञानेश्वरीपुढे माळ ठेवून ती गळ्यात घालून घ्यायची, दारू मटण सोडायचं, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी करायची. पैसे लागत नाहीत, आणि गावात मान बदलतो, ज्याला लोक दारात उभं करत नव्हते त्याला माउली म्हणून पाया पडतात. या मानाची ताकद फार मोठी आहे. माळेवर वर्षानुवर्षं टिकलेले लोक मी आमच्याच भावकीत बघितलेत.

दादाने मात्र एएच्या आधी माळ घातली होती आणि ती टिकली नाही. गुत्त्यावर जायच्या आधी काढून खिशात ठेवायचा, मग एक दिवस देव्हाऱ्यात ठेवली ती तिथेच राहिली, आणि मोडल्याची लाज इतकी की त्या लाजेनेच आणखी प्यायचा. माझ्या मते माळेत एक गोष्ट कमी पडते, घसरलेल्या माणसाला हळू आवाजात काय झालं रे म्हणून विचारणारी जागा. कीर्तनात माणसं शेकडो असतात पण मला आज प्यावंसं वाटतंय हे तिथे उठून सांगता येत नाही. एएमध्ये सांगता येतं. आणि एएमध्ये जे नाही ते माळेत आहे, घरचा देव, गाव, चालत्या पावलांचा ताल, आबांच्या शेजारी बसून म्हटलेला हरिपाठ. दादाने मीटिंगा धरल्यावर बऱ्याच काळाने स्वतःहून पुन्हा माळ घातली आणि आता दोन्ही चालू आहे. ज्याचं मन पांडुरंगाकडे ओढ घेतं त्याने दोन्ही धरावं असं मी म्हणेन, मीटिंगवाल्यांची काही हरकत नसते, आणि आमच्या महाराजांचीही नव्हती.

देवाच्या नावाने चालणारं सगळंच असं नसतं म्हणून सावध पण करते. अमक्या वाराला या, नारळ आणा, दारू सुटेल म्हणणारे बाबा आधी फुकट म्हणतात आणि मग दर फेरीला दक्षिणा वाढते. साखळीने बांधणारी, मारझोड करणारी, कोंडून ठेवणारी जागा असेल तर ती कितीही पवित्र नावाची असो, तिथून माणूस बाहेर काढा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे. आणि पेशंटच्या नकळत दारू सोडवा अशा जाहिराती भिंतींवर असतात, ती पावडर किंवा गोळी चहात भाजीत मिसळून देऊ नका. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस दारू प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली असं होऊन जिवावर बेतू शकतं. ते औषध चांगलं आहे पण डॉक्टरांनी, पेशंटला सांगून द्यायचं आहे.

राहून उपचार पाहिजे असतील तर श्रद्धेच्या वाटेने जाणारं मोठं नाव म्हणजे कृपा फाउंडेशन, १९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी सुरू केलं, बारा पायऱ्या आणि अय्यंगार योग असं दोन्ही शिकवतात, फादर स्वतः बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. आमचा तिथला अनुभव नाही, त्यामुळे खर्चाचं आणि सवलतीचं थेट त्यांनाच विचारा. शिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रं आहेत, संस्था चालवतात पण पेशंटला पैसे पडत नाहीत. जवळचं कुठलं ते १४४४६ या टोल फ्री नंबरवर विचारता येतं.

एएमध्ये कमी काय आहे तेही लिहिते. तिथे डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, राहायची सोय नाही. दारूसोबत डिप्रेशन किंवा दुसरा मानसिक आजार असेल तर नुसत्या मीटिंगांवर अवलंबून राहू नका, आणि कोणी सोबती आपुलकीने सांगायला लागला की मानसोपचाराच्या गोळ्या पण नशाच आहेत, सोडून दे, तर ऐकू नका, मेंबरने डॉक्टरकी करू नये हीच एएची स्वतःची भूमिका आहे. बायका फार कमी दिसतात, पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या वर्गात जाऊन बसणं किती अवघड आहे ते मला कळतं, मोठ्या शहरांत बायकांच्या वेगळ्या मीटिंगा शोधा किंवा ऑनलाइन बघा. खेड्यात तर मीटिंगच नसते, आमच्या गावातून कोणाला यायचं तर एसटी पकडून तालुक्याला आणि तिथेही असेलच असं नाही, म्हणून खेड्यात अजून माळच आधार आहे. ग्रुपवर पण खूप अवलंबून असतं, एखाद्या ठिकाणी मोकळं वाटतं, एखाद्या ठिकाणी दोनचार जुनेच तासभर बोलतात.

म्हणून पहिल्यांदा जाताना वेळेच्या थोडं आधी जा, दारात जो कोणी असेल त्याला नवीन आहे एवढंच सांगा, पुढचं ते बघतात. बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं ऐकून आलात तरी चालतं. निघताना कमीत कमी दोघांचे फोन नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी काही कारण नसलं तरी फोन करा, म्हणजे गरज पडेल तेव्हा लाज आडवी येत नाही. आणि तो ग्रुप नाही जमला तर एए जमत नाही असं ठरवून टाकू नका, दुसऱ्या वाराला दुसरीकडे मीटिंग असते, तिथे जाऊन बघा, दादालाही पहिला ग्रुप जमला नव्हता.